मेडिकलमध्ये आधी खुर्ची ठेवा

सांगलीत मार्केट यार्डाच्या रस्त्यावर आमचं मेडिकल आहे. गल्ला सासरे सांभाळतात, औषधं मी. पेशंटला बसवून बोलायचं ठरवलं तेव्हा शांपूच्या पुड्यांचा स्टँड हलवून तिथं एक खुर्ची ठेवली. मामंजी म्हणाले, “खुर्ची काय गिऱ्हाईक आणती व्हय?” पहिले तीन आठवडे तिच्यावर त्यांचाच जेवणाचा डबा असायचा.

आता ओळखीचे मेडिकलवाले विचारतात, हे सुरू कसं करायचं? बीपीचं मशीन घ्यायला धावू नका. आधी वेळ ठरवा. आमच्याकडे दुपारी तीन ते पाच गर्दी नसते, तीच वेळ पाटीवर लिहिली. खुर्ची गल्ल्यापासून लांब, भिंतीकडे तोंड करून ठेवा. शेजारीण उभी असताना कुठलीही बाई लघवीची तक्रार सांगत नाही.

हे आपलं काम आहे का, ही शंका मनात नको. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५ मध्ये पेशंटला औषध समजावणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचंच काम म्हणून आलंय. निदान करणं, डोस बदलणं, गोळी बंद करायला सांगणं मात्र आपलं नाही. आणि बोलायचं ते फार्मासिस्टनंच. काउंटरवरचा पोरगा कितीही हुशार असला तरी त्याला खुर्चीकडं पाठवू नका.

सुरुवात पेशंटच्या घरातल्या गोळ्यांच्या पिशवीपासून करा. खर्च शून्य, आणि सगळ्यात जास्त चुका इथंच सापडतात. मला हे उशिरा कळलं. एक मावशी चक्कर येते म्हणून ओआरएस मागायला आल्या, मी दिलं. आठवड्यानं पुन्हा तेच. तेव्हा म्हटलं, “मावशी, घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. कपाटातल्या, देवघरातल्या, सगळ्या.” त्यांनी साडीच्या दुकानाची पिशवी काउंटरवर ओतली. दोन पट्ट्या निघाल्या, नावं वेगळी, रंग वेगळे, आणि दोन्हींवर खाली बारीक अक्षरात टेल्मिसार्टन ४०, म्हणजे बीपीची एकच गोळी. एक इथल्या दवाखान्यातली, दुसरी लेकीकडं मिरजेला गेल्या असताना लिहिलेली. मावशी सकाळी एक आणि रात्री एक घेत होत्या. मिरजेची चिठ्ठी घेऊन पुढच्या पट्ट्या माझ्याच दुकानातून नेल्या होत्या. दिल्या मीच.

तर पिशवी आली की चार ढीग करा: चालू, संपलेल्या उपचारातल्या, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या, मुदत गेलेल्या. “गोळ्या वेळेवर घेताय ना?” असं विचारू नका, उत्तर ‘हो’च येतं. पट्टी हातात देऊन विचारा, “ही कशाची? काल कधी घेतली?” गुडघ्याची गोळी कुठून आणता, हेही विचारा. डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी रोज चालू असेल तर बीपी वाढतं, मूत्रपिंडालाही त्रास होतो, आणि ती गोळी कुठल्याच चिठ्ठीवर नसते.

डॉक्टरांना फोन करताना जपून. “तुम्ही चुकून दोनदा लिहिलंय” म्हटलं की संबंध संपले. मी म्हणते, “सर, यांच्याकडं दोन चिठ्ठ्या आहेत, दोन्हींत टेल्मिसार्टन आहे. कुठली चालू ठेवायला सांगू?” मावशींच्या वेळी पलीकडून दोन सेकंद शांतता, मग उत्तर. आता तेच डॉक्टर पेशंटला पिशवी घेऊन माझ्याकडं पाठवतात.

हे अंगवळणी पडलं की मगच बीपीचं मशीन, दंडावरचं. यार्डातले हमाल हळदीची पोती उतरवून थेट यायचे, चहा घेऊन, तंबाखू मळत. अशा वेळी मोजलेल्या आकड्याला अर्थ नाही. चहा-तंबाखू होऊन अर्धा तास गेलेला असावा. पाच मिनिटं गप्प बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला. बायकांना मिश्रीबद्दल वेगळं विचारा, कारण मिश्री म्हणजे तंबाखू असं त्यांच्या मनात नसतंच. आणि पट्टा बघा. पोती उचलणाऱ्याच्या जाडजूड दंडाला नेहमीचा पट्टा आवळला की बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. मोठा पट्टा वेगळा मिळतो, तो घ्याच. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा आणि आकडे कागदावर लिहून द्या. दोन-तीन वेगळ्या दिवशी १४०/९० च्या वर राहिलं तर डॉक्टरांकडं. १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप किंवा एका बाजूचा हात लुळा असेल तर पुन्हा मोजत बसू नका, १०८ लावा.

दम्याच्या पेशंटला पंप घेऊन दाखवायला सांगा. रोटाकॅप, म्हणजे पंपात घालून श्वासावाटे ओढायची कॅप्सूल, पाण्याबरोबर गिळणारे मी तरी तिघं पाहिलेत. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायला सांगा, नाहीतर तोंडात पांढरा थर येतो.

बोट टोचून शुगर बघायची घाई मी केली नाही. सुया आणि रक्ताच्या पट्ट्या म्हणजे जैववैद्यकीय कचरा, घंटागाडीत टाकायचा नाही. तो न्यायची सोय आधी लावा.

पैसे? पिशवी फुकट, बीपीचे वीस रुपये. फुकट होतं तेव्हा काही जण दिवसातून दोनदा यायचे. मामंजींनीच वीस सुचवले.

शेवटचं काम वहीचं. शंभर पानी वही पुरते: नाव, फोन, आकडे, चालू गोळ्या, आणि पट्टी संपायची तारीख. तीस गोळ्या नेलेला माणूस पस्तिसाव्या दिवशीही आला नाही तर एक फोन करा. परवा एका हमालाला केला. म्हणाला, “बरं वाटतंय की, म्हणून सोडली.” म्हटलं, उद्या तीन वाजता या, चहा न घेता.