शेअर बाजाराचं पुस्तक वाचायचं कसं, आणि पडताळायचं कसं

शेअर बाजारावरची पुस्तकं वाचूनही प्रत्यक्ष व्यवहाराच्या वेळी हात अडतो, असं अनेक जण सांगतात. माझंही तसंच झालं होतं. सुरुवातीच्या दोन वर्षांत मी तांत्रिक विश्लेषणाची, म्हणजे भावांचे आलेख वाचून अंदाज बांधण्याची, पाच-सहा पुस्तकं ओळीने संपवली. कँडलचे, म्हणजे आलेखावर ठरावीक काळातले भाव दाखवणाऱ्या खुणांचे, तीसेक प्रकार तोंडपाठ झाले. चालू बाजारातला आलेख उघडला की मात्र त्यातला एकही खात्रीने ओळखता येत नसे. कारण लक्षात यायला बराच वेळ गेला. पुस्तकातला आलेख पूर्ण झालेला असतो. पुढे काय घडलं ते लेखकाला माहीत असतं, आणि ते घडलं म्हणूनच तो आलेख छापलेला असतो. आपल्यासमोरच्या आलेखाची उजवी बाजू कोरी असते.

खाली दिलेली सगळी पद्धत त्या कोऱ्या बाजूसाठी आहे.

पायरी १: पुस्तकाआधी प्रश्न लिहा

एक वही घ्या आणि पहिल्या पानावर आपल्याला नेमकं काय करायचं आहे ते एका वाक्यात लिहा. साधारणपणे उत्तरं तीन प्रकारची येतात. चांगल्या कंपन्यांचे शेअर घेऊन अनेक वर्षं सांभाळायचे आहेत. काही आठवडे किंवा महिन्यांच्या चढउतारात खरेदी-विक्री करायची आहे. किंवा बचत वाढवायची आहे, पण रोज बाजाराकडे बघायला वेळ नाही.

पहिल्या प्रकाराला मूलभूत विश्लेषणाची, म्हणजे कंपनीचे हिशेब आणि व्यवसाय जोखण्याची, पुस्तकं लागतात, दुसऱ्याला तांत्रिक विश्लेषणाची. तिसऱ्या प्रकारातल्या वाचकाने बर्टन माल्किएल यांचं १९७३ साली आलेलं ‘अ रँडम वॉक डाउन वॉल स्ट्रीट’ वाचावं आणि इंडेक्स फंड (बाजाराच्या निर्देशांकातले शेअर त्याच प्रमाणात घेणारा फंड) म्हणजे काय ते नीट समजून घ्यावं. त्याचं काम बहुतेक तिथेच होतं, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. उरलेल्या दोघांनीही ते वाचावं असं मला मनापासून वाटतं. आलेख बघून भाव ओळखता येत नाहीत, अशी त्यात ठाम बाजू मांडली आहे. तो विरोध आधी ऐकून घेतला की नंतरच्या पुस्तकांकडे डोळसपणे बघता येतं.

पायरी २: घेण्याआधी दहा मिनिटं चाळा

पहिल्यांदा प्रकाशनाचं साल बघा. जुनं म्हणजे टाकाऊ असं मुळीच नाही. भीती, हाव, कळपाने धावणं याबद्दल शंभर वर्षांपूर्वी लिहिलेलं आजही लागू पडतं. पण व्यवहाराची यंत्रणा बदलते. अमेरिकेत १ मे १९७५ पर्यंत दलालीचे दर ठरवून दिलेले होते. तिथल्या शेअरचे भाव २००१ पर्यंत अपूर्णांकांत सांगितले जात. त्या काळात लिहिलेल्या पुस्तकातला खर्चाचा हिशेब आणि भावाच्या अगदी बारीक हालचालींवर आधारलेले नियम आज जसेच्या तसे उचलता येत नाहीत. रॉबर्ट एडवर्ड्स आणि जॉन मॅगी यांचं ‘टेक्निकल ॲनालिसिस ऑफ स्टॉक ट्रेंड्स’ १९४८ सालचं. तेव्हा आलेख हाताने कागदावर काढले जात. आज तीच आकृती कोणाच्याही मोबाइलवर त्याच क्षणी दिसते. आकृती तीच असली तरी तिच्याकडे बघणारे किती आहेत हे बदललेलं आहे, आणि वाचताना ते विसरून चालत नाही.

मग अनुक्रमणिका उघडा आणि तोट्याबद्दल काय आहे ते शोधा. तोटा मर्यादित कसा ठेवायचा, एका व्यवहारात किती रक्कम घालायची, पद्धत चालली नाही तर काय करायचं, यावर किती पानं आहेत? दोनशे पानांत फसलेलं एकही उदाहरण नसेल तर पुस्तक परत ठेवा. मुखपृष्ठावर ठरावीक दिवसांत ठरावीक नफ्याचं आश्वासन असेल तर अनुक्रमणिकाही बघायची गरज नाही.

पायरी ३: क्रम लावा

गुंतवणुकीच्या बाजूने सुरुवात करायची तर बेंजामिन ग्रॅहम यांचं ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’ घ्या. ते पहिल्यांदा १९४९ साली आलं. एवढं जाड पुस्तक बघून दडपण येत असेल तर आधी आठवं आणि विसावं प्रकरण वाचा. प्रसिद्ध गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी प्रस्तावनेत याच दोन प्रकरणांकडे विशेष लक्ष द्यायला सांगितलं आहे. आठव्यात बाजाराच्या चढउतारांकडे कसं बघायचं ते आहे, विसाव्यात सुरक्षिततेचं अंतर म्हणजे काय ते. आपला अंदाज चुकला तरी फार नुकसान होऊ नये इतक्या कमी भावात खरेदी करणं, हा त्याचा गाभा. ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांचं ‘सिक्युरिटी ॲनालिसिस’ (१९३४) पहिल्या वर्षी हातात घेऊ नका. ताळेबंद वाचायची सवय झाल्यावर ते खरं बोलू लागतं. आकड्यांपलीकडे कंपनीचा दर्जा कसा जोखायचा यासाठी फिलिप फिशर यांचं १९५८ सालचं ‘कॉमन स्टॉक्स अँड अनकॉमन प्रॉफिट्स’ आहे. ग्राहक, पुरवठादार आणि प्रतिस्पर्धी यांच्याशी बोलून कंपनीबद्दल काय कळतं, हे त्यांनी फार आधी सांगून ठेवलं.

तांत्रिक बाजूला मी जॉन मर्फी यांच्या ‘टेक्निकल ॲनालिसिस ऑफ द फायनान्शियल मार्केट्स’पासून सुरुवात करायला सांगेन, कारण त्यात एकाच पद्धतीचा आग्रह नाही. कँडलसाठी स्टीव्ह निसन यांचं १९९१ सालचं पुस्तक. त्यानंतर थॉमस बुल्कोव्स्की यांचा आलेखाकृतींचा कोश. तो यासाठी महत्त्वाचा की त्यात प्रत्येक आकृती किती वेळा फसली याची मोजदाद आहे. एका वेळी एकच पुस्तक वाचा. दोन लेखकांचे नियम अर्धवट मिसळले की पुढे चूक कोणाची हेच कळत नाही.

पायरी ४: गुंतवणुकीचं पुस्तक असेल तर शेजारी वार्षिक अहवाल ठेवा

तुम्हाला ज्या व्यवसायाची थोडी तरी माहिती आहे अशी एक कंपनी निवडा, तिचे पाच वर्षांचे वार्षिक अहवाल उतरवून घ्या आणि पुस्तकभर तीच कंपनी वापरा. नफ्यावरचं प्रकरण संपलं की अहवालातला निव्वळ नफा आणि रोख प्रवाह पत्रकातली व्यवसायातून आलेली रोकड, दोन्ही पाच वर्षांसाठी वहीत समोरासमोर लिहा. नफा वाढतोय आणि रोकड वाढत नाही असं दिसलं तर ग्राहकांकडची येणी आणि गोदामातला साठा बघा. बहुतेक वेळा पैसा तिथे अडकलेला सापडतो. कर्जावरचं प्रकरण झालं की ताळेबंदाखालच्या टिपा वाचा. कंपनीवर उद्या येऊ शकतील अशा संभाव्य देण्यांचा उल्लेख तिथेच असतो, पहिल्या गुळगुळीत पानांवर नसतो. असं केल्याने पुस्तकाला तिप्पट वेळ लागतो. लागू द्या.

पायरी ५: तांत्रिक पुस्तक असेल तर उजवी बाजू झाका

सगळ्यात जास्त वेळ मी इथे द्यायला सांगेन. पुस्तकात एक आकृती वाचलीत, समजा आधार पातळीवरून (जिथे आधीची घसरण थांबली होती त्या भावावरून) भाव उसळी घेतो ही. आता आलेखाच्या सॉफ्टवेअरमध्ये काही वर्षं मागे जा आणि त्या तारखेनंतरचा भाग झाका. रिप्ले नावाची सोय असेल तर उत्तम, नसेल तर पडद्यावर कागद धरला तरी चालतो. एकेक दिवस पुढे सरका. आकृती दिसली असं वाटलं की तिथेच थांबा आणि पुढचा दिवस उघडण्याआधी वहीत चार गोष्टी लिहा: तारीख, खरेदीचा भाव, कोणत्या भावाला चूक मान्य करणार, आणि कोणत्या भावाला नफा घेणार. मगच पुढे जा.

आधी लिहिणं सोडू नका. नंतर लिहायला बसलं की मन आपोआप सोयीचा भाव आठवतं. पहिल्या आठवड्यात मी हे न लिहिता करत होतो आणि जवळपास प्रत्येक अंदाज बरोबर येत होता. लिहायला लागल्यावर त्यातले निम्मेही टिकले नाहीत. अशा किमान पन्नास नोंदी होईपर्यंत त्या आकृतीबद्दल मत बनवू नका.

दोन खाचखळगे आहेत. स्प्लिट (एका शेअरचे अनेक भाग करणं) किंवा बोनस (भागधारकांना फुकट जादा शेअर देणं) झाल्यावर जुने भाव मागे जाऊन बदललेले असतात, त्यामुळे आज दिसणारा जुना आकडा तेव्हाच्या लोकांना दिसत नव्हता. दुसरं म्हणजे आजच्या यादीतल्याच कंपन्यांवर सराव केला तर बुडालेल्या आणि बाजारातून काढून टाकलेल्या कंपन्या आपोआप वगळल्या जातात, आणि घसरणीत खरेदी करणारी कुठलीही पद्धत फार हुशार दिसू लागते.

निर्देशकांच्या, म्हणजे भावांवरून सूत्राने काढलेल्या आकड्यांच्या, बाबतीत एक गोष्ट करा: प्रत्येक निर्देशक एकदा तरी हाताने मोजा. आरएसआय (वाढ-घटीचा जोर), एडीएक्स (कलाची ताकद), एटीआर (भावाची सरासरी हालचाल) आणि पॅराबोलिक एसएआर (कल उलटला असं कुठे मानायचं ती पातळी) हे चारही वेल्स वायल्डर यांनी १९७८ साली एकाच पुस्तकात मांडले. ते पेशाने यांत्रिक अभियंता होते, आणि त्यांची गणितं कागदावर करता येण्यासारखी आहेत. आरएसआयमध्ये सरासरी वाढीला सरासरी घटीने भागायचं, त्यात १ मिळवून त्या बेरजेने १०० ला भागायचं आणि आलेलं उत्तर १०० मधून वजा करायचं. चौदा दिवसांची सरासरी वाढ २ आणि सरासरी घट १ असेल तर भागाकार २, आणि आरएसआय ६६.७. एवढंच. हे एकदा केलं की ७० च्या वर गेला म्हणून विका, हे वाक्य तसंच गिळता येत नाही. कारण जोरदार तेजीत वाढ घटीपेक्षा कितीतरी मोठी राहते आणि आकडा आठवडेच्या आठवडे ७० च्या वर बसून राहू शकतो. २०० दिवसांच्या साध्या मूव्हिंग ॲव्हरेजचंही, म्हणजे मागच्या २०० दिवसांच्या भावांच्या सरासरीचंही, तसंच. तिच्यातल्या दिवसांचा मध्य साधारण १०० दिवस मागे असतो, म्हणून ती उशिरा वळते.

आणि तीन निर्देशक एकच गोष्ट सांगतात म्हणून खात्री वाटू देऊ नका. आरएसआय आणि स्टोकॅस्टिक, एमएसीडी हे आणखी दोन निर्देशक, तिन्ही त्याच भावांतून काढलेले आहेत. एकाच माणसाकडून ऐकलेली हकीकत तिघांनी सांगितली तरी साक्षीदार एकच असतो.

पायरी ६: वाक्याचा नियम करा

‘मजबूत उलाढालीसह पातळी तोडली तर तेजी येते’ असं वाक्य पुस्तकात भेटेल (उलाढाल म्हणजे किती शेअरची खरेदी-विक्री झाली तो आकडा). ते पडताळता येत नाही. मजबूत म्हणजे किती? तोडली म्हणजे दिवसभरात की बंद भावाला? तेजी किती दिवसांत, किती टक्के? वहीत ते असं लिहा: बंद भाव मागच्या ५० दिवसांच्या सर्वोच्च भावाच्या वर, उलाढाल २० दिवसांच्या सरासरीच्या दीडपट, दुसऱ्या दिवशी सुरुवातीच्या भावाला खरेदी, २० दिवसांनी विक्री. आकडे तुमचे असोत, पण आकडे हवेत. जे वाक्य नियमात बसत नाही ते ‘मत’ या सदरात टाका.

नियमाचा निकाल आला की त्याच काळात नुसता शेअर धरून ठेवला असता तर काय मिळालं असतं, ते शेजारी लिहा. व्यवहारखर्च वजा करा. आकडे बदलत बदलत चांगला निकाल शोधू नका. १,०२४ जणांनी प्रत्येकी दहा वेळा नाणं उडवलं तर त्यातल्या एकाला दहाही वेळा छापा मिळेल अशीच अपेक्षा असते. शंभर नियम तपासले तर एखादा निव्वळ योगायोगाने चमकतो. म्हणून अर्ध्या काळावर नियम बनवा आणि न बघितलेल्या उरलेल्या काळावर एकदाच तपासा.

पायरी ७: रकमेचं प्रकरण आधी वाचा

एका व्यवहारात किती रक्कम घालायची याचं प्रकरण बहुतेक पुस्तकांत शेवटी असतं आणि तिथवर वाचक पोचत नाही. ते काढून आधी वाचा. २० टक्के तोटा भरून काढायला २५ टक्के नफा लागतो, ५० टक्के तोट्याला १०० टक्के. भांडवल १,००,००० असेल आणि एका चुकीत त्याच्या १ टक्क्याहून जास्त घालवायचं नसेल, तर मर्यादा १,०००. खरेदी २५० ला, स्टॉप लॉस (चूक मान्य करून विकायचा भाव) २४० ला, म्हणजे शेअरमागे धोका १०, म्हणून १०० शेअर. याहून अधिक नाही. भाव एकदम खाली उघडला तर प्रत्यक्ष तोटा याहून मोठा होऊ शकतो, म्हणून ही मर्यादाही थोडी आतच ठेवावी.

दहापैकी चारच व्यवहार बरोबर आले, पण बरोबर आल्यावर ३ मिळाले आणि चुकल्यावर १ गेला, तर चार व्यवहारांचे १२ येतात, सहांचे ६ जातात, शिल्लक ६. फक्त किती वेळा बरोबर येतं एवढंच सांगणाऱ्या लेखकाकडे बरोबर आल्यावर किती मिळतं आणि चुकल्यावर किती जातं, हा दुसरा आकडा मागा.

पायरी ८: कागदावर, मग थोडक्यावर

पन्नास नोंदींत टिकलेला नियम दोन-तीन महिने चालू बाजारात कागदावर चालवा. त्यानंतर गेलेली जाणवेल पण झोप उडवणार नाही इतक्या रकमेने सुरू करा. कागदावर पाळलेला स्टॉप लॉस खऱ्या पैशाला पाळता येतो का, हे दुसऱ्या कुठल्याच मार्गाने कळत नाही.

वर्षभराने तेच पुस्तक पुन्हा काढा. या वेळी वही आधी उघडा आणि ज्या पानांवरचे नियम तुमच्या नोंदींत फसले, तिथून वाचायला सुरुवात करा. पहिल्या वाचनात नजरेतून सुटलेली अट बऱ्याचदा तिथेच दोन ओळींत लिहिलेली असते.