शिडाच्या होड्यांची मासिके: कोणते घ्यावे आणि कसे वाचावे

शिडाची होडी चालवायला शिकणाऱ्या किंवा नुकतीच होडी विकत घेतलेल्या माणसाने कोणत्याही मासिकाची वर्गणी भरण्यापूर्वी त्याचे दोन-तीन सुटे अंक मिळवावेत आणि त्यांतील किती पाने विकत घेण्याच्या वस्तूंवर खर्ची पडली आहेत व किती पाने प्रत्यक्ष करण्याच्या कामांवर, हे आधी मोजावे. मुखपृष्ठावर निळे पाणी आणि फुगलेली शिडे सगळ्यांच्याच असतात. त्यावरून काहीही कळत नाही. मासिकाची निवड होडीच्या आकारावर आणि तिच्याकडून आपल्याला काय काम करून घ्यायचे आहे यावर ठरते, त्यामुळे एकाला अत्यंत उपयोगी पडणारे मासिक दुसऱ्याच्या हाती केवळ करमणूक ठरू शकते.

किनाऱ्याजवळ लहान-मोठे प्रवास करणाऱ्यांसाठी ब्रिटनमधील ‘यॉटिंग मंथली’ (स्थापना 1906) हा चांगला आरंभ आहे, कारण त्याचा भर नौकानयनाच्या कौशल्यावर असतो: कमी माणसांनिशी धक्क्याला कसे लागावे, वारा वाढू लागल्यावर शीड केव्हा आखडावे, अनोळखी खाडीत रात्री शिरावे की बाहेरच थांबावे. याच मासिकाने 2011 मध्ये चाळीस फुटी जुनी होडी घेऊन तिला मुद्दाम वाळूवर चढवले, उलटवले, तिची डोलकाठी मोडली, तिला भोक पाडले, आग लावली आणि अखेरीस गॅसचा स्फोटही घडवून आणला. संकटात काय करावे याविषयीचे ऐकीव सल्ले खऱ्या होडीवर पडताळण्याचा असा खटाटोप क्वचितच कोणी केला असेल, म्हणून ती लेखमाला जुन्या अंकांतून शोधून वाचावी.

‘यॉटिंग वर्ल्ड’ (1894) महासागर ओलांडणाऱ्या मोठ्या होड्या आणि शर्यतींकडे अधिक झुकलेले आहे. त्यातील झळाळत्या यॉट बहुतेक वाचकांच्या आवाक्याबाहेरच्या असतात. मात्र अटलांटिक पार करणाऱ्या ताफ्यातील होड्यांवर वाटेत काय मोडले, काय टिकले आणि किती वीज लागली याविषयी ते जे सर्वेक्षण छापते, त्याचा उपयोग लहान होडीच्या मालकालाही होतो. स्वतःच्या हाताने दुरुस्ती करणाऱ्याने ‘प्रॅक्टिकल बोट ओनर’ (1967) घ्यावे. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा पंप उघडणे, डेकवरील गळतीचा माग काढणे, जुन्या विद्युत तारा बदलणे असे विषय त्यात छायाचित्रांसह पायरीपायरीने येतात. एकच मासिक परवडत असेल आणि होडी जुनी असेल, तर मी हेच सुचवीन.

अमेरिकेतील ‘प्रॅक्टिकल सेलर’ (1974) या सर्वांहून वेगळे आहे, कारण ते जाहिरातदारांच्या नव्हे तर वर्गणीदारांच्या पैशांवर चालवले जाते आणि वस्तूंच्या चाचण्या हाच त्याचा गाभा आहे. होडीच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून लावायच्या रंगांच्या पट्ट्या समुद्राच्या पाण्यात दीर्घकाळ टांगून ठेवण्याची त्याची पद्धत पाहिली, की जाहिरातींवर जगणाऱ्या मासिकांतील ‘या हंगामातील नव्या वस्तू’ या सदराचे वजन आपोआप कमी होते. मांडणी साधी आहे आणि वाचन थोडे रुक्ष, पण मोठी खरेदी करण्यापूर्वी त्याचा संबंधित अंक वाचावाच.

जुन्या फायबरग्लास होड्यांवर प्रेम करणाऱ्यांसाठी ‘गुड ओल्ड बोट’ (1998) आहे, तर लाकडी होडी बांधणाऱ्यांसाठी मेन राज्यातील ब्रुकलिन येथून निघणारे ‘वुडनबोट’ (1974) आहे. ‘वुडनबोट’मधील सांधे, फळ्या आणि हत्यारांविषयीचे लेख वर्षानुवर्षे जुने होत नाहीत. ‘क्रूझिंग वर्ल्ड’ आणि ‘सेल’ ही सर्वसाधारण वाचकाची मासिके आहेत. शर्यतींच्या तांत्रिक बाजूसाठी ‘सीहॉर्स’ पुरेसे आहे, मात्र नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. फ्रेंच येत असल्यास ‘व्वाल ए व्वालिए’ आणि जर्मन येत असल्यास 1904 पासून निघणारे ‘याख्ट’ जरूर चाळावे.

मासिक निवडण्याइतकेच ते वाचण्याचेही तंत्र आहे आणि त्याची खरी परीक्षा होडीच्या परीक्षणलेखात होते. असा लेख बहुधा नव्याकोऱ्या होडीवर, एखाद-दुसऱ्या दिवसात आणि बऱ्या हवेत लिहिलेला असतो, तेव्हा पाच वर्षांनी खिडक्या गळतील का, हे तो सांगूच शकत नाही. म्हणून वर्णन बाजूला ठेवून आधी आकड्यांकडे जावे. पाण्याच्या रेषेवरील लांबी फुटांत घेऊन तिच्या वर्गमूळाला 1.34 ने गुणले, की पाणी कापत जाणाऱ्या जड होडीच्या वेगाची साधारण मर्यादा नॉटमध्ये (ताशी सागरी मैलांत) मिळते: 36 फुटांना ती सुमारे 8 नॉट येते. लेखात साडेनऊ नॉट लिहिले असतील, तर होडी लाटेवरून घसरत होती का, की जीपीएसवरील वेगात प्रवाहाचे दोन नॉट मिसळले होते, हे पाहावे. त्यानंतर होडी किती अंश कलल्यावर पुन्हा सरळ होत नाही तो आकडा शोधावा; खुल्या समुद्रावर जाणाऱ्या एक-सांगाडी होडीसाठी तो 120 अंशांच्या पुढे असावा, असे सामान्यतः मानले जाते. शेवटी लेखकाचे सौजन्य उलगडावे: ‘वाऱ्याच्या तोंडावर थोडा संयम लागतो’ याचा अर्थ होडी वाऱ्याच्या दिशेने नीट चढत नाही, आणि ‘आटोपशीर स्वयंपाकघर’ म्हणजे तेथे एकाच माणसाला, तेही कोपर अंगाशी धरून, उभे राहता येते.

नांगरांच्या चाचण्यांत तळ चिखलाचा होता की वाळूचा, आणि साखळी किती सोडली होती, या दोन गोष्टी दिलेल्या नसतील तर निकालाला अर्थ नाही. पाच पट साखळी म्हणजे नुसत्या खोलीच्या पाच पट नव्हे. पाणी 4 मीटर आणि नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची 1 मीटर असेल, तर ती 25 मीटर होते, शिवाय भरतीने चढणारे पाणी वेगळे धरावे लागते.

मासिक कोठले आहे याचेही भान ठेवावे. अमेरिकन लेखातील ‘परत येताना लाल बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) उजव्या हाताला’ हा नियम अमेरिका खंड, जपान, कोरिया आणि फिलिपिन्स येथे लागू आहे; उर्वरित जगात बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला ठेवायचा असतो, आणि येथे गफलत झाली तर होडी थेट खडकावर जाते. गॅलनही दोन आहेत: अमेरिकन सुमारे 3.79 लिटरचा, ब्रिटिश सुमारे 4.55 लिटरचा. बंदरांविषयीच्या लेखांतील छोटे नकाशे जागेची कल्पना येण्यापुरते असतात. दिवे, बोये आणि वाळूचे बांध बदलत राहतात, त्यामुळे मार्ग आखताना अद्ययावत सागरी नकाशाच वापरावा.

अंक साठवायचे असतील तर ते महिन्यांनुसार न ठेवता कामाचे लेख कापून इंजिन, वीज, शिडे व दोर, नांगर, हवामान अशा फायलींत लावावेत, आणि प्रत्येक लेखाच्या कोपऱ्यात अंकाचे वर्ष लिहावे. नांगर टाकण्याची रीत तीस वर्षांपूर्वीच्या लेखातूनही शिकता येते, पण बॅटरी, रेडिओ आणि जीवरक्षक जाकिटे यांविषयीचा तितका जुना लेख निःशंकपणे टाकून द्यावा.