बहाव्याचं बी शिजवू नका (आणि बाकीच्या चुका)

जून उजाडला की तोच मेसेज येतो, "बहाव्याचं बी लावून महिना झाला, काहीच नाही, बी खराब असेल का?" अहो, बी ठणठणीत असतं. कवच एवढं टणक की पाणीच आत शिरत नाही, नुसतं मातीत टाकलं तर महिनोनमहिने तसंच पडून राहतं. मग कुणीतरी सांगतं गरम पाण्यात टाका, आणि लोक सरळ पातेलं गॅसवर चढवतात.

मीही केलंय हे. पहिल्या वर्षी शंभरेक बिया दहा मिनिटं खळाखळा उकळल्या, मस्त फुगल्या, मी खूश, घाईघाईत पिशव्या भरल्या आणि आठव्या दिवशी उकरून बघतो तर आत नुसता लगदा. आई म्हणाली, "आता फोडणी दे."

तेव्हापासून मी पॉलिश पेपरच वापरतो. बी चिमटीत धरून एक कड घासायची, तपकिरी साल जाऊन आतलं फिकट जरासं दिसलं की थांबायचं. ज्या टोकाला बी शेंगेला चिकटलेलं असतं तिकडे हात लावू नका, मूळ तिथून निघतं. मग रात्रभर साध्या पाण्यात. सकाळी टम्म फुगलेल्या लावायच्या, न फुगलेल्या परत घासायच्या. कंटाळवाणं आहे, पण तेवढा धीर नसेल तर सरळ नर्सरीतून रोप आणा ना.

दुसरी चूक बरोब्बर उलटी. बहाव्याचं बी वाळवून ठेवलं तर चालतं म्हणून लोक जांभूळ, फणस, कडुनिंबही वाळवून डब्यात ठेवतात, दिवाळीनंतर लावू म्हणे! जांभळाची आणि फणसाची बी सुकली की मेली. खाल्लं, धुतलं, त्याच आठवड्यात मातीत. निंबोळीचा गर काढून सावलीत ठेवली तरी दोन-तीन आठवड्यांच्या आत लावाच.

खोली बियाच्या जाडीच्या दुप्पट, बास. वडा-पिंपळाचं बी बारीक असतं, त्यावर माती टाकूच नका. पिशवीला भोकं नसतील तर रोपं बुडाशी कुजून आडवी होतात, मग बुरशीनाशक शोधत फिरता.

आणि रोज उकरून बघणारे, तुम्हाला तर दंडवत. मी एकदा वैतागून न घासलेल्या बहाव्याच्या पिशव्या कंपोस्टच्या खड्ड्यात ओतल्या होत्या. पुढच्या पावसाळ्यात तिथेच चार रोपं वर आली.