जुन्या टोपोशीटवर मूळ गाव शोधताय? या चुका टाळा

मोबाइलवरचा निळा ठिपका सांगत होता की मी मारुतीच्या देवळात उभा आहे. प्रत्यक्षात मी उसाच्या सरीत होतो, घोट्यापर्यंत चिखलात. बांधावरनं एक आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांनीच विचारलं, "काय हुडकायलाय ओ?" जुनं देऊळ, म्हटलं. त्यांनी काठीनं ओढ्यापल्याडची बाभूळ दाखवली. "जोतं तिकडं हाय. हितं पांढरीत देऊळ कवाच नव्हतं."

देऊळ दीडेकशे मीटर लांब होतं. जुनी टोपोशीट, म्हणजे सरकारी सर्वेक्षणाचा गावं-ओढे-टेकड्या दाखवणारा तपशीलवार नकाशा, बरोबर होती, ती मोबाइलवर बसवताना मी चुकलो होतो. आणि आजोबांच्या बोलण्यातला खरा महत्त्वाचा शब्द तेव्हा माझ्या कानावरून गेला, त्याकडं शेवटी येतो. सोलापूर जिल्ह्यातली चार-पाच गावं अशी धुंडाळल्यावर लक्षात आलं की आपण सगळे त्याच त्या चुका करतो.

शेजारचं गाव, पण शीट भलत्याच नंबरची

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीटना गावाचं नाव नसतं, नंबर असतो. चार अंश बाय चार अंशाचा एक मोठा चौकोन (सोलापूरचा 47 नंबरचा), त्याचे A ते P असे सोळा भाग आणि प्रत्येक भागाच्या पुन्हा सोळा शीट. अक्षरं आणि आकडे वरून खाली उतरतात, मग उजवीकडच्या ओळीत जातात. डावीकडून उजवीकडं मोजत गेलात तर पहिल्याच पायरीला घसरलात. सोलापूर शहर 47 ओ/14 वर येतं, पंढरपूर 47 ओ/6 वर.

गोंधळ अक्कलकोटला होतो. मोठा चौकोन 76 अंश रेखांशावर संपतो आणि ही रेषा सोलापूर आणि अक्कलकोट यांच्या मधून जाते. त्यामुळं अक्कलकोट थेट 56 सी/2 वर. एसटीनं तासाभराचा रस्ता, पण 47 च्या गठ्ठ्यात ते जन्मात सापडायचं नाही. 2005 च्या नकाशा धोरणानंतरच्या नव्या शीटवर नंबर आणखी वेगळे आहेत. जुना नंबर नव्या यादीत शोधून "शीटच नाही" म्हणणारे मी पाहिलेत. मीही म्हटलंय.

खाली छापलेलं साल म्हणजे पाहणीचं साल नव्हे

समासात दोन-तीन सालं असतात: पाहणी कधी झाली, छपाई कधी, पुनर्मुद्रण कधी. आपल्याला हवी ती पाहणी. अमेरिकी लष्करानं 1950 च्या दशकात छापलेली अडीच लाख प्रमाणाची भारताची मालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयानं ऑनलाइन ठेवलीय, आणि बरेच जण तिथूनच सुरुवात करतात. हरकत नाही, फक्त ती आपल्याकडच्या आधीच्या नकाशांवरून जुळवलेली आहे. तिच्यात रस्ता दिसला म्हणजे तो 1955 ला होताच, असं नाही.

आकड्यांचं थोडक्यात सांगतो. एक इंच म्हणजे एक मैल या जुन्या शीटवर उंची फुटांत असते, पन्नास हजारीवर (1:50,000 प्रमाणाच्या शीटवर) मीटरमध्ये. सोलापूर साधारण साडेचारशे मीटरवर, म्हणजे दीड हजार फुटांवर आहे, हे डोक्यात ठेवलं की घोळ लगेच कळतो. जुन्या लष्करी नकाशांवरच्या चौकटीही (ग्रिड) यार्डांत असतात, आणि हजार यार्ड म्हणजे किलोमीटर नव्हे, 914 मीटर.

नाव वाचताना

सगळ्यात जास्त वेळ इथं जातो. नकाशे इंग्रजीत आणि इंग्रजीला ना ळ माहीत, ना ण. बार्शी तालुक्यातलं मळेगाव नकाशावर मालेगावासारखंच दिसतं. बार्शी स्वतः 'बार्सी' होते, सोलापूर 'शोलापूर'. म्हणून नाव शोधताना आधी ते मराठीत मोठ्यानं म्हणा, मग इंग्रज साहेबाच्या कारकुनाच्या कानानं ऐका आणि निदान चार प्रकारे लिहून बघा. अक्कलकोटच्या बाजूला पाचवा प्रकार कानडी उच्चाराचा.

'बार्सी रोड' हे त्यातलं गमतीचं प्रकरण. जुन्या नकाशावर हे नाव बघून एक नातेवाईक बार्शीला जाणाऱ्या रस्त्यावर पणजोबांचं घर शोधत होते. बार्सी रोड हा रस्ता नाही, ते कुर्डुवाडी स्टेशनचं जुनं नाव. 1897 ला तिथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची बार्सी लाइट रेल्वे सुरू झाली. पुढं ती 1906 ला पंढरपुरात, 1911 ला लातुरात आणि 1927 ला मिरजेत पोचली. या लाइनचा एक फायदा: शीटवर पंढरपूरचा फाटा नसेल तर पाहणी 1906 च्या आधीची. समास फाटलेला असला तरी शीटचं वय असं काढता येतं.

उलटंही होतं. नकाशावर छापील 'एकरूख तलाव' असतो आणि गावात विचाराल तर तो हिप्परगा तलाव. 1871 ला पुरा झालेला तोच तलाव, नावं दोन.

एकसारख्या नावांचा तर बाजारच आहे. बोरगाव किती, पिंपरी किती! माढ्यात अकोले बुद्रुक आणि अकोले खुर्द दोन्ही आहेत. कागदावर नुसतं 'अकोले' असेल तर बुद्रुकच, असं धरून चालू नका. ग्रामदैवत, जवळचा बाजार आणि सोयरिकीची गावं या तीन गोष्टी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आमच्याकडं आत्तीला गावाचं पूर्ण नाव आठवत नव्हतं, पण "आठवड्याचा बाजार मोडनिंबला करायचो" एवढं ती बोलली आणि अर्धी शीट बाद झाली.

मोबाइलवर बसवताना

माझी उसातली चूक ही. जुन्या शीटचे अक्षांश-रेखांश 1830 च्या एव्हरेस्ट गोलाभावर (गोलाभ म्हणजे पृथ्वीच्या आकाराचं गणिती रूप) मोजलेले आहेत, मोबाइलचे डब्ल्यूजीएस 84 वर. आकडे जसेच्या तसे टाकले की आपल्या भागात शंभर मीटरच्या वर फरक पडतो. एकोणिसाव्या शतकातल्या नकाशांवर आणखी एक भानगड. त्यांचे रेखांश मद्रास वेधशाळेच्या जुन्या मोजणीवर टांगलेले असतात आणि समासात बारीक अक्षरांत 'इतकी मिनिटं वजा करा' अशी टीप असते. आपल्याकडं रेखांशाचं एक मिनिट म्हणजे जवळपास पावणेदोन किलोमीटर. ती टीप वाचली नाही तर शेजारच्या गावात जाऊन बसाल.

उपाय सोपा आहे. क्यूजीआयएससारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये शीट उघडा आणि आकड्यांऐवजी जमिनीवरच्या खुणा जुळवा. खुणा न हलणाऱ्या निवडा: रेल्वेच्या जुन्या मोऱ्या, गढीचे बुरूज, टेकडीवरचा, शीटवर त्रिकोणानं दाखवलेला सर्वेक्षणाचा बिंदू. नदीचा काठ घेऊ नका, भीमा आणि सीना दोघी अंग चोरत, पसरत असतात. रस्त्यांचे चौक तर नकोच. सहा-सात खुणा शीटभर पसरून घ्या. सगळ्या एका कोपऱ्यात घेतल्या की दुसरा कोपरा तरंगतो.

गाव नकाशावर नाही, किंवा नकाशावर आहे आणि जमिनीवर नाही

लोक इथं हात टेकतात, पण मला तर इथंच गोष्ट सुरू झाल्यासारखी वाटते.

करमाळ्याच्या भीमाकाठची जुनी गावं आजच्या नकाशात निळ्या रंगाखाली आहेत. उजनी धरण 1980 ला पुरं झालं, काठची गावठाणं पाण्यात गेली, माणसं वर सरकली आणि बहुतेकांनी नाव सोबत नेलं. म्हणजे नाव तेच, जागा दुसरी. आजच्या गावात पणजोबांचा वाडा शोधून उपयोग नाही. त्या भागातली रेल्वेसुद्धा हलली. डिकसळचा ब्रिटिश काळातला पूल मुळात रेल्वेचा, नंतर त्यावरनं एसटी आणि उसाच्या गाड्या धावल्या. जुन्या शीटवर तिथं रूळ दिसले तर छपाईची चूक समजू नका.

माळशिरसकडं उलटं. 1920 च्या आसपासच्या पाहणीत माळीनगर सापडणार नाही, कारण सासवडकडच्या माळी शेतकऱ्यांनी 1930 च्या दशकात येऊन साखर कारखाना उभा केला तेव्हा ते वसलं. त्या घरांची मुळं हुडकायची तर पुणे जिल्ह्याची शीट लागेल.

तिसरा प्रकार बेचिराग गावांचा. महसूल दप्तरात हा शब्द अजून चालतो: शिवार आहे, शेतसारा आहे, पण दिवा लावायला कुणी नाही. दुष्काळ, पटकी, पाणी आटणं, कारण काहीही असेल. नकाशावर अशा जागी कधी नुसतं नाव, कधी एकटं देऊळ, एक विहीर आणि तिच्याकडं जाणाऱ्या तीन-चार पायवाटा दिसतात. ओसाड माळावर पायवाटा एकत्र का येतात, हा प्रश्न स्वतःला विचारा.

नकाशाकडं माणसांची नावं मागू नका

टोपोशीटवर सर्व्हे नंबर नसतो, खातेदार नसतो, सहसा गावाची शीवही नसते. त्यासाठी भूमी अभिलेखचा गाव नकाशा घ्यावा लागतो. तिथंही जुना सर्व्हे नंबर आणि आजचा गट नंबर एक समजू नका. 1947 च्या एकत्रीकरण कायद्यानंतर गावोगाव गट पडले आणि दोन्हींचा मेळ घालणारा तक्ता वेगळा मागावा लागतो.

वंशावळीसाठी मी या क्रमानं जातो: तहसीलच्या अभिलेख कक्षात जुने फेरफार, मग गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी. बरंच काही मोडीत असतं, वाचणारा सोबत न्या, अंदाजानं वाचू नका. पंढरपूर, तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या वह्या आहेत. आणि दारात वंशावळ सांगत फिरणारे हेळवी आले तर त्यांना चहा पाजून बसवा. कुळाच्या पिढ्या आणि गावं त्यांच्या वहीत आणि तोंडात असतात, मात्र त्यांनी सांगितलेलं गाव शीटवर पडताळून बघा.

कुठल्या कचेरीत जायचं, हेही आजच्या जिल्ह्यावरून ठरवू नका. 1838 ला सोलापूरची कलेक्टरी झाली तेव्हा इंडी आणि मुद्देबिहाळ तिच्यात होते. माळशिरस 1875 ला आलं. अक्कलकोट संस्थान, मंगळवेढा सांगलीकरांकडं आणि बार्शीच्या भोवती निजामाचा मुलूख. जुन्या शीटवरची ती तुटक हद्दरेषा बोटानं गिरवून बघा, आपलं गाव तिच्या कुठल्या अंगाला होतं त्यावर दप्तर मराठीत मिळेल की उर्दूत, हे ठरतं. माझ्या एका मित्राचे सहा महिने सोलापुरात चकरा मारण्यात गेले, कागद धाराशिवला होते.

आता आजोबांचा तो शब्द. "हितं पांढरीत," ते म्हणाले होते. पांढरी म्हणजे वस्तीची माती. राखेनं, शेणानं, पडक्या भिंतींनी पांढुरकी झालेली. शेताची ती काळी आणि गावाची ती पांढरी. मी देवळाच्या नादात जोत्याकडं गेलो, फोटो काढले, घरी आलो. दोन दिवसांनी शीट पुन्हा उघडली तर पाच पायवाटा ओढ्याच्या अलीकडं, नेमक्या त्या उसात येऊन मिळत होत्या.

परत गेलो तेव्हा ऊस तुटून गेला होता. सरीत खापऱ्या होत्या, एका जात्याची अर्धी तळी होती. आजोबा म्हणाले, "पावसाळ्यात लई निघत्यात. कुठल्या घरचं म्हनायचं तुमी?"