डोरीफोरसवरून आजच्या माणसाचं पेंटिंग

ग्रीक पुतळा म्हटलं की सगळे पांढराशुभ्र संगमरवर रंगवायला बसतात आणि मला वाटतं गडबड तिथूनच सुरू होते. ग्रीक शिल्पकार पॉलिक्लाइटसचा डोरीफोरस घ्या, म्हणजे भालाधारी. मूळ पुतळा इ.स.पू. 440 च्या आसपासचा, ब्राँझचा, तो आता नाहीये, फोटोत आपण बघतो ती रोमन काळातली संगमरवरी कॉपी, पाँपेईला सापडलेली, सध्या नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे. उजव्या पायामागे झाडाचा बुंधा दिसतो ना, तो फक्त दगडाला आधार म्हणून घातलाय, ब्राँझला त्याची गरजच नव्हती. कॅनव्हासवर तर अजिबात नाही, काढून टाका.

रंगाला लगेच हात लावू नका. आधी दोनच रेघा मारा, एक खांद्यांची, एक कमरेची. भार उजव्या पायावर आहे म्हणून उजवी कंबर वर आणि त्याच बाजूचा खांदा खाली, डावी टाच उचललेली. मग गळ्याच्या खळगीतून ओळंबा, म्हणजे सरळ खाली जाणारी उभी रेघ, सोडा, तो भाराच्या पायाच्या घोट्यापाशी यायला हवा, नाही आला तर माणूस पडतोय असं वाटतं आणि मग कितीही शेडिंग करा, उपयोग नाही. हे नीट बसेपर्यंत पंधरा-वीस स्केचेस झाली तरी चालतील, खरंच.

आता घरातल्या कोणालातरी तसंच उभं करा, भाल्याऐवजी डाव्या खांद्यावर मॉपचा दांडा द्या, अंगात रोजचा टी-शर्ट असू दे. उजवी बाजू आखडलेली असते म्हणून टी-शर्टच्या चुण्या तिथे गोळा होतात, डावीकडे कापड ताणलेलं राहतं. अंग झाकलेलं असूनही पॉलिक्लाइटसची पोझ त्या चुण्यांमधून कळते, मला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो.

रंगासाठी रिआचेचे ब्राँझ पुतळे बघा, 1972 मध्ये इटलीजवळ समुद्रात सापडलेले, त्यांचे ओठ तांब्याचे आहेत आणि डोळे वेगळे बसवलेले. म्हणून कॅनव्हासवर आधी बर्न्ट सिएनाचा, म्हणजे ब्राँझसारख्या तांबूस-तपकिरी रंगाचा, पातळ हात द्या, सावलीत काळ्याऐवजी अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळा, ओठांना सिएनात थोडा कॅडमियम रेड, आणि नुसता पांढरा ठेवा तो शेवटी, डोळ्यांतल्या चमकेपुरता.