जुन्या मालवाहू विमानाला स्वयंचलित उड्डाणाची जोड देताना

प्रमाणित झालेल्या जुन्या विमानात स्वयंचलित उड्डाणाचे सॉफ्टवेअर बसवायचे म्हटले की बहुतेक जण आधी सॉफ्टवेअरचाच विचार करतात. प्रत्यक्षात पहिला प्रश्न हा असतो की, वैमानिकाचे हातपाय आजवर जी कामे करत आले ती यापुढे कोण करणार.

आरंभ साध्या विमानापासून करावा. सेसना २०८ कॅराव्हॅन यासाठी सोयीचे आहे, कारण त्याला एकच टर्बोप्रॉप इंजिन असून त्याचे एलेरॉन, एलिव्हेटर आणि रडर (विमान वळवणारे व वर-खाली नेणारे पंख-शेपटीवरचे हलते भाग) केबल व पुलींनी हलतात. मात्र त्यातील मूळ ऑटोपायलटच्या सर्वोंवर, म्हणजे नियंत्रणे हलवणाऱ्या छोट्या मोटरींवर, विसंबू नये. ऑटोपायलट बिघडलाच तर वैमानिकाला जोर लावून त्याच्यावर मात करता यावी, यासाठी सर्वोच्या क्लचची ताकद मुद्दाम मर्यादित ठेवलेली असते. कॉकपिटमध्ये कोणी नसेल, तर ही सोयच अडचण ठरते. शिवाय हा ऑटोपायलट विमान धावपट्टीपर्यंत नेत नाही आणि ब्रेकही दाबत नाही. म्हणून सुकाणू, ब्रेक, फ्लॅप आणि पॉवर लिव्हर या प्रत्येकासाठी असे ॲक्च्युएटर (संगणकाच्या आदेशाने भाग हलवणारी यंत्रणा) बसवावेत की एक भाग बंद पडला तरी उरलेल्याने काम निभावावे. त्यांच्या वजनामुळे गुरुत्वमध्य सरकतो, तेव्हा तो हिशेब नव्याने मांडावा.

संगणक किमान तीन असावेत. दोघांची उत्तरे जुळली नाहीत तर चुकले कोण हे कळत नाही. तिघांत दोघांचे मत ग्राह्य धरता येते. संवेदकांनाही हाच नियम लावावा. बोइंग ७३७ मॅक्समधील एमकॅस ही विमानाचे नाक आपोआप खाली आणणारी प्रणाली एका वेळी आघातकोनाच्या (समोरून येणाऱ्या हवेशी पंखाच्या कोनाच्या) एकाच संवेदकावर विसंबत होती आणि २०१८ व २०१९ मधील दोन अपघातांत ३४६ माणसे गेली.

अशा बदलाला सप्लिमेंटल टाइप सर्टिफिकेट, म्हणजे प्रमाणित विमानातील मोठ्या बदलाची मंजुरी, लागते, जी अमेरिकेत एफएए ही हवाई वाहतूक नियामक संस्था देते. प्रमाणनाची योजना कोड लिहिण्यापूर्वीच नियामकाकडून मान्य करून घ्यावी. धातूच्या भागाप्रमाणे सॉफ्टवेअर झिजत नाही, त्यामुळे ते किती तासांनी बिघडेल असा आकडा मांडता येत नाही. त्याऐवजी डीओ-१७८सी या विमानातील सॉफ्टवेअरच्या मानकानुसार प्रत्येक अपेक्षेपासून कोडपर्यंत आणि कोडपासून चाचणीपर्यंतचा माग दाखवावा लागतो. हे काम कंटाळवाणे आहे, पण खरा वेळ इथेच जातो, आणि कोड आधी लिहून कागद मागाहून जुळवू पाहणाऱ्यांचा तर दुप्पट जातो.

चाचण्यांत सुरुवातीला वैमानिक आसनावर असावा आणि एका कळीने ॲक्च्युएटर नियंत्रणांपासून सुटे करण्याची सोय त्याच्या हाताशी असावी. पुरेशा उंचीवर प्रणालीची वागणूक पारखल्यावरच उड्डाण व अवतरण तिच्याकडे सोपवावे. रिलायबल रोबोटिक्स या स्वयंचलित उड्डाणावर काम करणाऱ्या अमेरिकी कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर येथे कॅराव्हॅन आत कोणीही नसताना सुमारे १२ मिनिटे उडवले. तेव्हाही सुमारे ५० मैलांवरच्या नियंत्रण कक्षातून वैमानिक त्यावर लक्ष ठेवून होता.