वजन घटलं सगळं, पण वायू किती?

मोल काढता येतात, समीकरण संतुलित करता येतं, तरी औष्णिक अपघटनाच्या, म्हणजे तापवून पदार्थ फुटण्याच्या गणितात वायूचं आकारमान चुकतं. मलाही याच एका जागेनं फार छळलं, म्हणून तिच्याबद्दलच सविस्तर लिहितो.

चुनखडीचं गणित सगळ्यांना जमतं. 100 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, 1 मोल कार्बन डायऑक्साइड, 0 अंश सेल्सिअस आणि 1 अ‍ॅटमॉस्फिअरला 22.4 लिटर. बाहेर पडणारा वायू एकच, त्यामुळे वजनातली घट म्हणजे त्याचंच वजन. वाईट सवय इथेच लागते: घट दिसली की 44 नं, म्हणजे 1 मोल कार्बन डायऑक्साइडच्या ग्रॅममधल्या वजनानं, भागायचं.

आता सोडियम बायकार्बोनेट घ्या. त्याचे 2 मोल तापवले की सोडियम कार्बोनेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड प्रत्येकी 1 मोल मिळतात. 16.8 ग्रॅम म्हणजे 0.2 मोल. मागे 10.6 ग्रॅम उरतात, घट 6.2 ग्रॅम. तिला 44 नं भागलंत तर उत्तर 3.16 लिटर येतं, आणि ते साफ चूक आहे. त्या घटीत 1.8 ग्रॅम पाणी आहे. कार्बन डायऑक्साइड फक्त 4.4 ग्रॅम, म्हणजे 0.1 मोल, 2.24 लिटर.

पण प्रश्नात आकारमान 200 अंश सेल्सिअस आणि 1 अ‍ॅटमॉस्फिअरला विचारलं असेल, तर पाणीही वाफ आहे आणि तेही मोजायचं. एकूण 0.2 मोल, तापमान 473 केल्विन, आकारमान सुमारे 7.77 लिटर. इथे 22.4 चा काही संबंध नाही. घटीत पाणी नेहमी धरायचं. आकारमानात धरायचं का, हे वायू मोजताना तापमान किती होतं यावर ठरतं. भट्टी किती तापली होती यावर नाही! वायू थंड करून मोजला, तर बहुतेक वाफेचं पाणी झालेलं असतं.

घाबरू नका, हे एकदा दिसलं की सुटत नाही. फक्त समीकरणात प्रत्येक पदार्थापुढे स्थायू, द्रव की वायू ते लिहा. हा हट्ट धरणारे शिक्षक मिळाले तर त्यांना सोडू नका. ‘थेट सूत्र’ पाठ करून घेणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. लेड नायट्रेट आलं की ती सूत्रं कोसळतात. तिथे 2 मोलांमागे नायट्रोजन डायऑक्साइडचे 4 आणि ऑक्सिजनचा 1 मोल निघतो, घट दोघांची मिळून असते. आणि प्रमाण दाब 1 बार दिला असेल तर 22.4 नव्हे, 22.7 लिटर घ्या. आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं 1982 पासून तोच दाब प्रमाण मानला आहे.

मिश्रणाचं गणित यानंतर सोपं आहे. सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेटचं 10 ग्रॅम मिश्रण घट थांबेपर्यंत तापवलं, घट 1.24 ग्रॅम आली. बायकार्बोनेट फुटतं त्या तापमानाला कार्बोनेट फुटत नाही, म्हणून सगळी घट बायकार्बोनेटची. 168 ग्रॅममागे 62 ग्रॅम घटतात, तेव्हा बायकार्बोनेट 3.36 ग्रॅम, म्हणजे 33.6 टक्के.